घरगुती व्हॉल्व्ह-विवर्धक : एक उपेक्षित इतिहाससाधन

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि वास्तू यांच्याकडे अभ्यासकाची दृष्टी सहज वळते. पत्र्याच्या सांगाड्यावर बसविलेले चार-पाच व्हॉल्व्ह, दोन वजनदार ट्रान्स्फॉर्मर आणि सांगाड्याच्या पोटात हाताने जोडलेल्या तारांचा गुंता, अशी एखादी वस्तू जुन्या घराच्या माळ्यावर सापडली, तर तिच्याकडे मात्र साधन म्हणून कोणी पाहत नाही. ती भंगारवाल्याच्या तराजूत जाते. वस्तुतः ही वस्तू म्हणजे कोणा हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी उभा केलेला ध्वनीचा विवर्धक, बाजाराच्या भाषेत ॲम्प्लिफायर, असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपासून ट्रान्झिस्टर सर्वत्र रूढ होईपर्यंतच्या सुमारे पाव शतकाच्या काळाचा हा वारसा आहे. अशा वस्तूंतून कोणता इतिहास वाचता येतो आणि तो नष्ट होऊ न देता कसा नोंदवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न आज विशेष निकडीचा झाला आहे. मुंबईतील रेडिओ व इलेक्ट्रॉनिक सामानाची जुनी बाजारपेठ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, वसलेली असून ती ग्रँट रोड स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. गिरगाव, ताडदेव, लालबाग येथील चाळींतून मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे उपनगरांकडे सरकत गेली, ती बोरिवली-दहिसर ओलांडून याच पश्चिम रेल्वेच्या मार्गाने मीरा रोड व भाईंदर येथे पोहोचली. मिठागरांच्या व खाडीच्या या प्रदेशात १९८५ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली, यावरूनच वस्तीच्या वाढीचा वेग ध्यानात यावा. चाळ सोडताना माळा एकदा रिकामा होतो. त्या वेळी जे टाकवले नाही ते नव्या सदनिकेच्या माळ्यावर जाऊन बसते. आता ऐंशीच्या दशकातील त्या इमारतीही पुनर्विकासाला निघाल्या आहेत आणि माळे दुसऱ्यांदा रिकामे होत आहेत. वस्तू जोडणारी पिढी पहिल्या स्थलांतराच्या वेळी बहुधा हयात होती. दुसऱ्या वेळी ती नाही. घरात उरलेल्यांना ती वस्तू काय आहे हेच ठाऊक नसते.

या वस्तूचे कार्य थोडक्यात समजावून घेतल्याशिवाय पुढील विवेचन कळणे कठीण आहे. निर्वात केलेल्या काचेच्या नळीत एक तापविलेले ऋणाग्र व त्यासमोर धनाग्र ठेवले, तर ऋणाग्रातून सुटणारे इलेक्ट्रॉन धनाग्राकडे जातात, उलट दिशेने मात्र येत नाहीत. पाण्याच्या नळातील एकमार्गी झडपेशी असलेल्या या साम्यामुळे फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये तयार केलेल्या नळीला इंग्लंडात ‘व्हॉल्व्ह’ हे नाव मिळाले. अमेरिकेत तिलाच ‘ट्यूब’ म्हणतात. मराठीत ‘व्हॉल्व्हचा रेडिओ’ हाच प्रयोग रूढ झाला, तो ब्रिटिश परंपरेचा अवशेष होय. पुढे डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये दोन्ही अग्रांच्या मध्ये तारेची जाळी बसविली. जाळीवरील विद्युत्-दाबात अल्पसा बदल केला की धनाग्राकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा बदल होतो. विवर्धनाचे सारे रहस्य एवढेच. ग्रामोफोनच्या सुईपासून निघालेला दुबळा विद्युत्-संकेत पहिल्या व्हॉल्व्हच्या जाळीवर द्यावा, तेथून वाढलेला संकेत दुसऱ्याला द्यावा आणि अखेरच्या शक्तिशाली व्हॉल्व्हकडून ध्वनिक्षेपक हलवून घ्यावा, असा हा क्रम असतो.

यात एक अडचण आहे. अखेरच्या व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भार अनुकूल असतो. ध्वनिक्षेपकाचा भार मात्र ४, ८ किंवा १५ ओहम इतकाच असतो. त्या दोहोंत सांधा जुळविण्याचे काम निर्गमाचा ट्रान्स्फॉर्मर करतो. ८,००० ओहमच्या भाराची १५ ओहमशी गाठ घालावयाची, तर वेढ्यांचे प्रमाण सुमारे २३ ला १ असावे लागते. केवळ प्रमाण साधून भागत नाही. मंद्र स्वर टिकण्यासाठी वेढे पुष्कळ हवेत आणि तार स्वर टिकण्यासाठी तेच वेढे निरनिराळ्या थरांत, प्राथमिक व द्वितीयक आलटून पालटून, गुंडाळलेले हवेत. व्हॉल्व्ह विकत मिळतो, रोधक व कंडेन्सर विकत मिळतात. विवर्धकाचा चांगलेवाईटपणा मात्र बहुतांशी या एका लोखंडी ठोकळ्यात दडलेला असतो. संशोधकाने हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण भंगारवाल्याचेही सर्वप्रथम लक्ष त्याच ठोकळ्यातील तांब्याकडे जाते.

स्वतः विवर्धक जोडण्याच्या छंदाला जागतिक वळण लागले ते १९४७ मध्ये. त्या वर्षीच्या एप्रिल व मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॉट शक्तीच्या विवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला. निर्गमातील काही अंश उलट कलेने पुन्हा आत सोडून विकृती एक-दशांश टक्क्याहूनही कमी राखावयाची, अशी त्याची योजना होती. तीसाठी ट्रान्स्फॉर्मरच्या प्राथमिक वेढ्यांचे प्रवर्तकत्व किमान १०० हेन्री असावे अशी कडक अट होती. १९५४ मध्ये मुलार्ड कंपनीने ‘५-१०’ हा आराखडा पुढे आणला. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट, म्हणून ते नाव. हा आराखडा विल्यमसनच्या मानाने स्वस्त व सुटसुटीत होता आणि त्यातील अखेरची ईएल८४ व्हॉल्व्हची जोडी सामान्य रेडिओतही वापरली जाणारी होती. कंपनीचा हेतू अर्थातच व्हॉल्व्ह खपविण्याचा होता. तथापि त्यायोगे उत्तम आराखडा कोणाही वाचकाच्या हाती विनामूल्य पडला, हे मान्य केले पाहिजे.

अमेरिकेत या छंदाने निराळे रूप घेतले. मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीने १९४७ मध्ये दोलनदर्शकाचा सुटा संच ३९.५० डॉलरना विकावयास काढला आणि पुढे विवर्धकांचे संचही तिच्या ‘हीथकिट’ या नावाखाली निघाले. डेव्हिड हाफलर यांच्या डायनाको कंपनीचा १९५९ मधील ‘स्टीरिओ-७०’ हा संच तर अमाप खपला. अशा संचाच्या खोक्यात सांगाडा, व्हॉल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर, मोजून कापलेल्या तारा आणि पायरीपायरीने सूचना देणारी पुस्तिका असे. प्रत्येक पायरी पुरी झाली की तिच्यापुढील चौकोनात खूण करावयाची. त्यामुळे हजारो घरांत जोडलेली यंत्रे जवळजवळ एकसारखी निघाली. त्या पुस्तिका आज उपलब्ध आहेत. एखादे यंत्र मोडके आढळले तरी मूळ स्वरूप निश्चित सांगता येते.

मुंबईत असा खोक्यातला संच हे छंदाचे प्रमुख रूप कधीच झाले नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर नियंत्रणे होतीच; १९५७ मधील परकीय चलनाच्या टंचाईनंतर ती अधिक कडक झाली. त्यातून अमेरिकी यंत्र ११७ व्होल्ट व सेकंदाला ६० आवर्तने यांसाठी आखलेले. आपल्याकडील वीज २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. केवळ दाब उतरवून घेतला तरी कमी आवर्तनांमुळे ट्रान्स्फॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय स्रोत एक-पंचमांशाने वाढतो, आणि गाभा बेताचा असला तर तो तापू लागतो. अशा स्थितीत येथील ‘संच’ म्हणजे एका खोक्यातली वस्तू नव्हेच. परदेशी मासिकातून किंवा पुस्तिकेतून उतरवून घेतलेला आराखडा आणि त्याबरहुकूम बाजारातून जमविलेले सामान, हाच येथला संच होय. महायुद्धानंतर सैन्याचे फाजील सामान विक्रीस निघाले. ८०७ हा प्रक्षेपणासाठी निघालेला व्हॉल्व्ह ध्वनीच्या विवर्धकात वापरण्याची क्लृप्ती जगभरच्या हौशी मंडळींप्रमाणे येथेही उपयोगी पडण्याजोगी होती. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या सहकार्याने रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. मुलार्ड ही कंपनी फिलिप्सच्याच मालकीची होती. साहजिकच ईएल८४, ईसीसी८३ यांसारखे मुलार्डच्या आराखड्यांत असलेले प्रकार देशी शिक्क्यानिशी मिळू लागले. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या या व्हॉल्व्हना परदेशातील संग्राहकांकडून आजही मागणी आहे, आणि ही मागणी जतनाच्या कार्याला साहाय्यक न ठरता मारकच ठरते, याचा उल्लेख पुढे येईल.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. हीथकिट किंवा डायनाकोचे यंत्र हे मुद्रित ग्रंथासारखे आहे. एक प्रत दुसरीसारखी. मुंबईतील घरगुती विवर्धक हा हस्तलिखित पोथीसारखा आहे. मूळ संहिता विल्यमसनची किंवा मुलार्डची. परंतु प्रत्येक लेखनिकाने ती उतरवताना आपल्या सोयीने, आपल्या ज्ञानाने आणि आपल्या अज्ञानाने तीत भर घातली किंवा काटछाट केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असताना जी दृष्टी वापरली गेली, तीच येथे लागू करता येते. पाठभेद म्हणजे केवळ चूक नव्हे, तर पोथी कोणाच्या हातून, कोणत्या परिस्थितीत गेली याचा तो पुरावा असतो. एकसारख्या यंत्रांच्या संग्रहाहून असा भेदांनी भरलेला संग्रह इतिहासकाराला अधिक मोलाचा वाटला पाहिजे.

पाठभेद वाचावयाचे कसे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘५-१०’ च्या आराखड्यात आरंभीचा व्हॉल्व्ह ईएफ८६ आहे. समजा, एखाद्या यंत्रात त्या जागी दुसराच व्हॉल्व्ह आढळला. याचा अर्थ केवळ ‘ईएफ८६ मिळाला नाही’ असा करून मोकळे होणे योग्य नाही. शेजारचे रोधक पाहावेत. ते मूळ आराखड्यातील मूल्यांचेच असतील, तर जोडणाराने मिळाला तो व्हॉल्व्ह बसवून काम भागविले असे म्हणता येते. उलटपक्षी नव्या व्हॉल्व्हला अनुरूप अशी मूल्ये हिशेब करून बदललेली असतील, तर जोडणाराला व्हॉल्व्हचे तक्ते वाचता येत होते, त्याला गणित अवगत होते, असा निष्कर्ष निघतो. एखाद्या ठिकाणी हव्या त्या मूल्याचा एक रोधक न मिळाल्यामुळे दोन रोधक एकापुढे एक जोडलेले असतात. तेथे ज्ञान आणि टंचाई ही दोन्ही एकाच वेळी दृष्टीस पडतात. तंत्रशिक्षणाच्या इतिहासासाठी अशा नोंदींहून प्रत्यक्ष पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. पदवीपत्रावरून माणूस काय शिकला ते कळते. त्याला काय येत होते ते अशा यंत्राच्या पोटात दिसते.

कालनिश्चितीचीही साधने यंत्रातच असतात. फिलिप्स-गटातील साठच्या दशकाच्या व्हॉल्व्हच्या काचेवर खालच्या अंगाला बारीक खुणा असतात. त्यांपैकी एका ओळीत चार चिन्हे येतात: पहिले कारखान्याचे, दुसरे वर्षाच्या शेवटच्या अंकाचे, तिसरे महिन्याचे आणि चौथे आठवड्याचे. ‘बी५सी३’ अशी खूण असल्यास ब्लॅकबर्नचा कारखाना, पाच अंकाने संपणारे वर्ष, मार्च महिना, तिसरा आठवडा असा अर्थ होतो. दशक मात्र या खुणेवरून सांगता येत नाही. ते कंडेन्सरवरील छापील तारीख, तारेवरील आवरणाचा प्रकार किंवा रोधकांची घडण यांवरून ठरवावे लागते. शिवाय व्हॉल्व्ह ही बदलण्याची वस्तू असल्यामुळे त्याची तारीख ही यंत्राची तारीख नव्हे. सोळाव्या शतकाच्या पोथीला अठराव्या शतकाचे पान जोडलेले असावे, तसा हा प्रकार. येथे डाखाचे सांधे उपयोगी पडतात. मूळ जोडणीत तारेचे टोक बहुधा पट्टीच्या भोकातून ओवून, वळवून, मग डाख दिलेला असतो. नंतरच्या दुरुस्तीत जुना अवयव कापून त्याच्या उरलेल्या देठालाच नवा जोडलेला आढळतो. त्या देठावरून आधी तेथे काही निराळे होते एवढे तरी सिद्ध होते. काचेवरील छपाई फार नाजूक असते, ओल्या फडक्याने पुसली तर कायमची जाते. म्हणून व्हॉल्व्ह पुसण्यापूर्वी त्यावरील अक्षरे उतरवून घ्यावीत, हे सांगणे अनावश्यक वाटले तरी सांगणे भाग आहे.

आता कोणी म्हणेल की एवढा खटाटोप यंत्राच्या पोटात शिरून करण्याऐवजी कागदपत्रे शोधावीत. परंतु या विषयात कागद जवळजवळ नाहीत, आणि ते नसण्याला कारण आहे. रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागत असे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने तसे बंधन घातले होते आणि घरगुती रेडिओचा परवाना १९८५ मध्ये रद्द होईपर्यंत पोस्टात शुल्क भरून ती पुस्तिका दरवर्षी नवी करून घ्यावी लागे. त्यामुळे रेडिओची सरकारदरबारी नोंद राहिली. ग्रामोफोनला जोडावयाचा विवर्धक हे बिनतारी यंत्र नव्हे. त्याला असा परवाना नव्हता, म्हणून त्याची नोंदही नाही. मोठ्या संस्थांनी आपला इतिहास लिहून ठेवला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफ्रॅक’ हा सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा गणकयंत्रसंच १९६० मध्ये मुंबईत कार्यान्वित झाला, त्याची हकीकत ग्रंथांतून मिळते. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या मुंबईतील व्यवसायसंस्थेचे कर्णे व विवर्धक काँग्रेसच्या सभांतून गाजले. तीही हकीकत नोंदलेली आहे. घरी बसून एकट्याने जोडलेल्या यंत्राला मात्र ना संस्था, ना दप्तर.

याला एक लक्षणीय अपवाद आहे. १९४२ च्या आंदोलनात मुंबईतून चाललेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण २७ ऑगस्ट रोजी ४२.३४ मीटर लहरीवर सुरू झाले. उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी प्रभृती तरुणांचा हा उद्योग. तंत्राची बाजू नरिमन प्रिंटर यांच्याकडे होती. पोलिसांना चुकविण्यासाठी जागा वारंवार बदलत गेल्या आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडी येथे छापा पडून ते यंत्र पकडले गेले. पुढे खास न्यायालयात खटला चालला, उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. नानिक मोटवाने हेही आरोपींत होते, त्यांची सुटका झाली. प्रक्षेपक हा केवळ विवर्धक नसला तरी बोललेला शब्द वाढवून लहरीवर चढविणारा ध्वनीचा विवर्धक त्याच्या पोटात असतोच, आणि सामानही त्याच बाजाराचे. या खासगीत उभारलेल्या यंत्राविषयी, त्याच्या लहरीविषयी, ते कोठे ठेवले होते याविषयी आज जी माहिती आहे, ती मुख्यतः पोलिसांनी व न्यायालयाने लिहून ठेवली म्हणून. ज्या यंत्रांनी कायदा मोडला नाही त्यांचे वर्णन करण्याचे कारण कोणालाच पडले नाही! सरकारी दप्तरावर विसंबणाऱ्या इतिहासलेखनाची ही मर्यादा अन्यत्रही जाणवते, परंतु ती इतक्या ठळकपणे क्वचितच दिसते.

वस्तू नष्ट होण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला भंगाराचा, त्याविषयी अधिक सांगावयास नको. दुसरा संग्राहकांचा. वर उल्लेखिलेली परदेशातील मागणी सुट्या व्हॉल्व्हना आहे, सबंध यंत्राला नाही. त्यामुळे व्यापारी व्हॉल्व्ह काढून घेतो आणि उरलेला सांगाडा फेकून देतो. पोथीतील चित्रे कापून विकावीत आणि मजकूर रद्दीत घालावा, त्यातलाच हा प्रकार. तिसरा मार्ग सद्हेतूचा आहे आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा. आजोबांचा विवर्धक पुन्हा वाजावा या प्रेमापोटी नातू तो दुरुस्तीला देतो. कारागीर प्रामाणिक असतो. तो मेण-कागदाचे गळके कंडेन्सर, फुटलेल्या रबराच्या तारा, मूल्य सरकलेले रोधक काढून नवे घालतो. यंत्र वाजू लागते. आवाज कदाचित पूर्वीहून चांगला येतो, पण पाठभेदांची पोथी धुऊन तीवर नवी शुद्ध प्रत लिहिली गेलेली असते. जुने अवयव कचऱ्यात जातात आणि त्यांच्याबरोबर वर सांगितलेला सर्व पुरावाही जातो.

वाजते यंत्र की अबाधित यंत्र, हा वाद जगातील सर्व तंत्रसंग्रहालयांत आहे. ध्वनीचे यंत्र मुके ठेवून काय साधते, या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. त्या काळी घरात कसा आवाज ऐकू येत असे हीदेखील इतिहासाचीच बाब आहे. तथापि येथील परिस्थितीत निवाडा अबाधित यंत्राच्या बाजूने द्यावा लागतो. ‘स्टीरिओ-७०’ च्या एका प्रतीची दुरुस्ती झाली तरी तशा पुष्कळ उरतात. भाईंदरच्या माळ्यावरचा विवर्धक एकुलता असतो. कुटुंबाची इच्छा तो वाजविण्याचीच असेल तर तिचा मान राखावा, परंतु नोंद आधी आणि डाखाची काडी नंतर, हा क्रम ढळू देऊ नये. काढलेला प्रत्येक अवयव, कोठून काढला ती चिठ्ठी लावून, त्याच यंत्राबरोबर पिशवीत ठेवावा. याला खर्च काहीच नाही.

नोंदीची पद्धतही फार अवघड नाही. प्रथम, यंत्र विजेला मुळीच जोडू नये. पन्नास-साठ वर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरवर एकाएकी तीनशे व्होल्टचा दाब आला तर तो फुटतो, प्रसंगी ट्रान्स्फॉर्मर जळतो; आणि कोणी अलीकडे ते लावून पाहिले असेल तर कंडेन्सरमध्ये उरलेला भार जीवघेणा ठरू शकतो, म्हणून पोटात हात घालण्यापूर्वी जाणकाराकडून तो उतरवून घ्यावा. त्यानंतर सांगाडा उलटा करून, वरून पडणाऱ्या समान प्रकाशात, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. मग तारेच्या मागे तार जाऊन मंडलाचा आराखडा कागदावर काढावा. यास चार-पाच व्हॉल्व्हच्या यंत्राला एक-दोन दिवस लागतील, आणि हाच या कामातील खरा अभ्यासाचा भाग आहे: हा आराखडा मुलार्डच्या किंवा विल्यमसनच्या मूळ आराखड्याशी ताडून पाहताना प्रत्येक भेदापुढे ‘का?’ असा प्रश्न लिहावा. सांगाडा विकतचा की एखाद्या डब्याच्या पत्र्याचा, भोके छिद्रकाने पाडलेली की कानशीने वाढविलेली, पेन्सिलीने काही लिहिले आहे काय, हेही टिपावे. भौतिकीच्या विद्यार्थ्याला मंडल कळेल, इतिहासाच्या विद्यार्थ्याला संदर्भ; एकट्याने हे काम सहसा नीट होणार नाही.

यंत्राबरोबर कागदही शोधावेत. हाताने उतरवलेला आराखडा, दुकानाची पावती, व्हॉल्व्हचे रिकामे खोके, मासिकातून कापलेली पाने, रेडिओच्या परवान्याची पुस्तिका हे सारे बहुधा एकाच पेटीत सापडते आणि एकाच दिवशी रद्दीत जाते. परवान्याच्या पुस्तिकेवर घरचा पत्ता असतो. तो बदलत गेला असेल तर कुटुंबाचे स्थलांतरही त्यातून उमगते. या दृष्टीने नागपूरच्या ‘उद्यम’सारख्या मराठी मासिकांचे जुने अंकही चाळण्याजोगे आहेत. खाडीकाठची खारट, दमट हवा पत्रा, तांबे व कागद या तिघांची सारखीच वैरी आहे. बंद प्लास्टिकच्या पिशवीत यंत्र गुंडाळून ठेवणे हा घरोघरचा उपाय घातक असून त्यात ओल अडकून गंज अधिक वेगाने चढतो. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच, वारा खेळत्या जागी ठेवणे केव्हाही बरे. संस्थेत सोय असेल तर हवेची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राखावी.

आठवणींचे महत्त्व आहे, परंतु त्यांचे स्थान ओळखून. मराठ्यांच्या इतिहासात बखर आणि अस्सल पत्र यांत जो भेद राजवाड्यांनी आग्रहाने मांडला, तो येथेही पाळला पाहिजे. साठ वर्षांनंतर सांगितलेली हकीकत ही बखर होय. सांगाड्याखालची तार हे अस्सल पत्र. एखादे वृद्ध गृहस्थ आपण ‘विल्यमसन’ जोडल्याचे सांगतात आणि यंत्रात ईएल८४ ची जोडी निघते, असे घडणे अशक्य नाही. यात असत्यकथन नसते, त्या काळी प्रतिष्ठेचे नाव कोणते होते याची साक्ष असते. म्हणून मुलाखत शक्यतो यंत्र समोर ठेवून घ्यावी. ‘तुम्हाला हा छंद कसा लागला’ या प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळते. ‘हा रोधक दोन तुकड्यांचा का’ या प्रश्नाला दुकान, किंमत, शेजारी, मित्र, हुकलेला महिना असे सर्व काही मिळते. घरातील स्त्रियांनाही विचारावे. यंत्र कोठे ठेवले जाई, कोणाच्या सांगण्यावरून बंद होई, १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीसाठी रेडिओ त्याला जोडला जाई की केवळ तबकड्या वाजत, हे जोडणाऱ्यापेक्षा त्यांना अधिक नेमके आठवते.

सर्वांत बिकट प्रश्न निर्गमाच्या ट्रान्स्फॉर्मरचा. परदेशी ट्रान्स्फॉर्मर दुर्मीळ असल्याने तो बहुधा येथील कारागिराकडून हाताने गुंडाळून घेतला जाई, आणि त्यावर नाव, मूल्य, तारीख यांपैकी काहीच नसते. बाहेरून रोध मोजता येतो, वेढ्यांचे प्रमाण काढता येते. आतले थर कसे आहेत, किती भागांत विभागलेले आहेत, हे न उकलता नेमके सांगणे जवळजवळ अशक्य आहे. शाबूत ट्रान्स्फॉर्मर कुतूहलापोटी उकलू नये. परंतु तो जळालेला असेल आणि नव्याने गुंडाळावयाचाच असेल, तर ती संधी वाया दवडता कामा नये. गुंडाळणाऱ्याच्या शेजारी बसून प्रत्येक थराचे वेढे, तारेची जाडी, मधल्या कागदाचा प्रकार आणि थरांचा क्रम उकलतानाच लिहून घ्यावा. जुने कारागीर असे हिशेब आपल्या वहीत ठेवत असतील, तर ती वही पाहू देण्याची विनंती करावी, आणि तिची प्रत तेथेच, त्यांच्या समक्ष, काढून घ्यावी.